प्रतिशब्दांचे पारतंत्र्य : ‘साम्राज्य’, ‘टोळी’ आणि ‘मध्ययुग’

१

मराठीत प्राचीन इतिहास, पुरातत्त्व आणि जुने वाङ्मय यांविषयी लिहिणाऱ्यांमध्ये परिभाषेसंबंधी एक सोयीस्कर समज रूढ आहे. इंग्रजीत ‘एम्पायर’ असेल तेथे ‘साम्राज्य’ लिहावे, ‘ट्राइब’ असेल तेथे ‘टोळी’ किंवा ‘जमात’, ‘मिडीव्हल’ असेल तेथे ‘मध्ययुगीन’. एवढे केले की ज्ञान मराठीत आले, असा हा समज आहे. त्याचे समर्थक दोन परस्परविरोधी छावण्यांत आढळतात, हे विशेष. इंग्रजी परिभाषा शास्त्रीय आणि म्हणूनच निर्विकार आहे असे मानणारा प्राध्यापक, आणि परकीय शब्द हाकलून संस्कृत शब्द बसवला की भाषा स्वतंत्र झाली असे मानणारा भाषाशुद्धीचा कैवारी, हे एरवी एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत. परंतु संज्ञा ही एका भाषेच्या फडताळातून काढून दुसरीच्या फडताळात ठेवण्याची वस्तू आहे, या गृहीतकावर दोघांचे संपूर्ण एकमत आहे.

या गृहीतकाने मराठीतील ज्ञानव्यवहाराचे जे नुकसान केले आहे, त्याचे स्वरूप नीट ओळखले गेलेले नाही. परकीय शब्दांमुळे परकीय विचार आले, अशी तक्रार पुष्कळदा केली जाते. ती वरवरची आहे. विचार परकीय असणे हा दोष नव्हे. खरे नुकसान वेगळे आहे. इंग्रजीत ‘एम्पायर’, ‘ट्राइब’ आणि ‘मिडीव्हल’ हे तिन्ही शब्द गेली कित्येक दशके वादाचे विषय आहेत. इंग्रजीत लिहिणारा अभ्यासक ते वापरताना अडखळतो, अवतरणचिन्हांत घालतो, प्रस्तावनेत त्यांचा जाब देतो. मराठीत मात्र शब्दाचा प्रतिशब्द येतो आणि शब्दावरचा वाद मागेच राहतो. शंका इंग्रजीतच राहते. निश्चिती तेवढी मराठीत उतरते. ज्या शब्दाविषयी मूळ भाषेतील जाणकार साशंक झाले आहेत, तोच मराठीत निर्विवाद सत्य म्हणून क्रमिक पुस्तकात, प्रश्नपत्रिकेत आणि शोधप्रबंधात नांदत राहतो. प्रतिशब्दांचे पारतंत्र्य म्हणायचे ते याला.

१९६० नंतर भाषा संचालनालयाने निरनिराळ्या विषयांचे जे परिभाषा कोश सिद्ध केले, त्यांमागील कष्ट नाकारण्याचे कारण नाही. शासनव्यवहाराला आणि महाविद्यालयीन अध्यापनाला एकवाक्यता हवी होती. ती त्या कोशांनी पुष्कळ अंशी दिली. पण डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी शब्द ही कोशाची मांडणी हाच विचाराचा नमुना ठरला, आणि कोशाचे काम जेथे संपते तेथून सुरू व्हायला हवे होते ते समीक्षेचे काम सुरूच झाले नाही. पुढील तीन संज्ञा याची साक्ष देतील.

२

‘साम्राज्य’ हा शब्द इतिहासाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच मराठी घरातील मुलाच्या कानावर पडतो, तो गणपतीच्या आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीत. तेथे तो एकटा येत नाही. भौज्य, स्वाराज्य, वैराज्य अशा निरनिराळ्या सत्ताप्रकारांच्या रांगेत येतो. ही रांग मूळची ऐतरेय ब्राह्मणातील. तेथे इंद्राच्या महाभिषेकाच्या संदर्भात तिची दिशांनुसार वाटणी केलेली आहे. पूर्वेकडील राजांना अभिषेक होतो तो साम्राज्यासाठी, दक्षिणेकडील सत्वतांच्या राजांना भौज्यासाठी, पश्चिमेकडील राजांना स्वाराज्यासाठी, उत्तरेकडील उत्तरकुरू आणि उत्तरमद्र यांना वैराज्यासाठी, आणि मध्यदेशातील कुरुपांचालांच्या राजांना नुसत्या राज्यासाठी. शतपथ ब्राह्मणात वेगळा हिशेब आहे: राजसूय केल्याने राजा होतो, वाजपेय केल्याने सम्राट. दोन्ही ठिकाणी साम्राज्य हा अभिषेकाने लाभणारा दर्जा आहे. अनेक देश जिंकून एका राजधानीच्या हुकुमतीखाली आणलेला, नकाशावर एका रंगाने भरता येणारा भूप्रदेश, हा अर्थ त्यात नाही.

तो अर्थ ‘एम्पायर’मधून आला. खुद्द रोममध्येही ‘इम्पेरियम’चा पहिला अर्थ भूप्रदेश असा नव्हता, दंडाधिकाऱ्याचा आज्ञा देण्याचा अधिकार म्हणजे इम्पेरियम. ती आज्ञा जेथवर चालते तो प्रदेश, हा अर्थ पुढचा. पण अठराव्या शतकातील इंग्रजी वाचकाला ‘एम्पायर’ समजले ते गिबनच्या ग्रंथातून, जो १७७६ ते १७८८ या काळात प्रसिद्ध झाला. त्याने या शब्दाला एक कथानक दिले: वैभवाचा कळस, मग आतून पोखरण, मग ऱ्हास, मग पतन. ज्या काळी इंग्रज हिंदुस्थानात स्वतःचे साम्राज्य उभारीत होते, त्याच काळी जुन्या साम्राज्यांच्या पतनाची ही कथा त्यांच्या हाती आली, आणि पुढे ती त्यांनी हिंदुस्थानच्या भूतकाळाला लावली. व्हिन्सेंट स्मिथने समुद्रगुप्ताला हिंदुस्थानचा नेपोलियन म्हटले, ते याच मुशीतून.

मराठीत ‘साम्राज्य’ हा शब्द ‘एम्पायर’च्या समोर मांडला गेला तेव्हा त्याचा वैदिक अर्थ पुसला गेला आणि त्या जागी हे कथानक बसले. शब्द संस्कृत, कथानक गिबनचे. ‘मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे सांगा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. त्यातील ‘ऱ्हास’ हा पुराव्यातून निघालेला निष्कर्ष नसून ‘साम्राज्य’ या शब्दाच्या पोटातून आलेला आहे, हे ना प्रश्न काढणाऱ्याच्या लक्षात येते, ना उत्तर लिहिणाऱ्याच्या.

पुरावा काय सांगतो? अशोकाच्या लेखांत ‘सम्राट’ ही पदवी नाही. तो स्वतःला देवानांप्रिय प्रियदर्शी राजा म्हणवतो. बैराट येथे सापडलेल्या लेखात मगधाचा राजा म्हणवतो. कंदाहारच्या ग्रीक लेखात त्याच्या नावाआधी येतो तो ‘राजा’ याच अर्थाचा ग्रीक शब्द. स्वतःच्या अंमलाखालील प्रदेशाला तो ‘विजित’ म्हणतो. तेराव्या शिलालेखात राजाच्या मुलखातील लोकांची जी यादी आहे, तीत यवन, कंबोज, भोज, आंध्र आणि पुलिंद एकामागून एक येतात. त्याच लेखात अरण्यातील लोकांना समजावणीबरोबर इशाराही दिलेला आहे. एकसंध, एकरंगी सत्तेचे हे चित्र नाही. सत्तेचे निरनिराळे पोत येथे एकाच दगडावर खोदलेले आहेत. मुंबईपासून हाकेच्या अंतरावरील सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना याच लेखमालेतील एक तुकडा सापडला; म्हणजे ही सामग्री मराठी अभ्यासकाला अपरिचित होती असेही म्हणता येत नाही.

आता इंग्रजीतील व्यवहार पाहावा. रोमिला थापर यांच्या १९६१ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच मौर्यांचा ऱ्हास होता. त्याच थापरांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मौर्य सत्तेचा पुन्हा विचार केला, आणि केंद्रस्थ प्रदेश, गाभ्याचे प्रदेश आणि परिघावरील प्रदेश यांत ती सत्ता वेगवेगळ्या रीतीने चालत होती अशी मांडणी केली. अभ्यासक स्वतःची संज्ञा स्वतःच तपासून पाहते, ही ज्ञानव्यवहारातील निरोगी घटना आहे. मराठीत १९६१ चा ऱ्हास सहज उतरला; १९८७ ची शंका वर्गापर्यंत पोहोचली नाही. कारण शंकेला प्रतिशब्द नसतो.

३

‘ट्राइब’ची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण येथे शब्दाच्या दुसऱ्या टोकाला जिवंत माणसे उभी आहेत. ‘त्रिबस’ हे मुळात रोमन नागरिकांच्याच विभागांचे नाव. बायबलच्या भाषांतरांतून इस्राएलचे बारा वंश इंग्रजीत ‘ट्राइब’ झाले. पुढे १८७७ मध्ये मॉर्गनने मानवी समाजाच्या चढत्या पायऱ्या कल्पिल्या आणि ‘ट्राइब’ ही राज्यसंस्थेपूर्वीची पायरी ठरली. त्याआधीच, १८७१ मध्ये, हिंदुस्थानातील इंग्रज सरकारने काही समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. ‘क्रिमिनल ट्राइब’ या जोडशब्दात ‘ट्राइब’ म्हणजे पायरीही होती आणि आरोपही.

या एका शब्दासाठी मराठीने तीन शब्द योजले आणि तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. क्रमिक इतिहासात हूणांच्या, जर्मनांच्या, आर्यांच्या ‘टोळ्या’ येतात. राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘अनुसूचित जमाती’ येतात. चळवळीत आणि साहित्यात ‘आदिवासी’ येतात. टोळी म्हणजे काय, हे मराठी माणसाला कोशात पाहावे लागत नाही. दरोडेखोरांची टोळी असते. ऊसतोडीला निघालेल्या मजुरांची, मुकादमाने उचल देऊन बांधलेली टोळी असते. टोळी कामापुरती जमते आणि पांगते. तिला कुळ नसते, जमीन नसते, देवस्थान नसते. एखाद्या समाजाला ‘टोळी’ म्हणणे म्हणजे त्याची नाती, त्याचा मुलूख आणि त्याची स्मृती एका फटक्यात काढून घेणे होय. ‘जमात’ मूळ अरबी, जमलेल्यांचा समुदाय या अर्थाचा. कोकणातील मुसलमान गावांत जमात म्हणजे मशिदीभोवती उभी राहिलेली गावकी. तो शब्द निदान माणसांना एकत्र बसवतो. ‘आदिवासी’ हा विसाव्या शतकातील राजकीय दाव्याचा शब्द. घटना समितीत जयपालसिंग मुंडा त्याच्यासाठी हट्टाने भांडले ते उगाच नव्हे. या तीन शब्दांतील भेद हेच मराठीचे सामर्थ्य ठरू शकले असते. कोशाने ते तिन्ही एकाच इंग्रजी शब्दाच्या समोर ओळीने मांडले आणि भेद सपाट केला.

जुन्या ग्रंथांत आणि लेखांत काय आढळते? जन, विश, गण, संघ, कुल, आटविक. पाणिनीच्या सूत्रांत शस्त्रावर उपजीविका करणारे आयुधजीवी संघ. या प्रत्येकामागे एकत्र येण्याची निराळी रीत आहे. अशोकाच्या तेराव्या लेखाकडे पुन्हा वळावे. तेथे यवन आणि पुलिंद एकाच रांगेत बसलेले आहेत. आधुनिक भाषांतरकार आणि त्यांचे मराठी अनुयायी मात्र यवनांना ‘लोक’ म्हणतात आणि पुलिंदांना ‘टोळी’. दगडावर नसलेली रेघ ही कोणी ओढली?

याचा अर्थ जुने शब्द निष्पाप होते असा नाही. ‘आटविक’ हा अरण्याकडे पाहणाऱ्या राजाचा शब्द आहे. अर्थशास्त्रात अरण्यवासी दिसतात ते कधी उपद्रव म्हणून, कधी सैन्यात भरती करण्याजोगे बळ म्हणून. ‘निषाद’ या नावाला मनुस्मृतीने संकराचा डाग लावला. देशी शब्द म्हणून त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांनी हे विसरू नये. मराठीत १९८० नंतर देशीवादाची जी चर्चा झाली, तिने परपुष्ट विचाराची योग्य ती झाडाझडती घेतली. परंतु देशी संज्ञेलाही तिच्या जन्माचा जाब विचारला पाहिजे, ही मागणी तितक्याच जोराने पुढे आली नाही. पुलिंदांनी स्वतःला काय म्हटले, हे ना राजाचा लेख सांगतो, ना साहेबाचा अहवाल. या मौनाची जाणीव संज्ञेत राहिली पाहिजे.

इंग्रजीत येथेही वाद झालेला आहे. १९७० मध्ये साउथॉलने ‘ट्राइब’ला भ्रम म्हटले, आफ्रिकेतील कित्येक ‘ट्राइब’ वसाहतीच्या कारभारात घडल्या, हे दाखवले. १९७५ मध्ये फ्राइडने त्याहून मूलगामी प्रश्न केला: ‘ट्राइब’ ही राज्यापूर्वीची पायरी नसून राज्यांच्या दडपणातून तयार झालेली दुय्यम रचना असली तर? १९८६ मध्ये आंद्रे बेते यांनी भारताच्या संदर्भात या संकल्पनेची छाननी केली. दामोदर धर्मानंद कोसंबींसारखा विद्वान १९५६ च्या आपल्या ग्रंथात ‘ट्राइब’ हा शब्द मोकळेपणाने वापरतो हे खरे. पण कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून, मातृदेवतांची ठाणी आणि दगडी हत्यारे तपासून त्या शब्दात आशय भरीत होते. त्यांच्या मराठी वारसदारांनी शब्द ठेवला आणि पायपीट सोडली.

याची किंमत कोण देतो? १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या समाजांना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहतीला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. कुंपण गेले तरी नाव राहिले. लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले. नावाने माणसाला बांधून ठेवण्याच्या रीतीविरुद्धच ही पुस्तके उभी आहेत. अशा पुस्तकांविषयी लिहिताना समीक्षक ‘टोळीजीवनाचे दर्शन’ असे शब्द वापरतो, तेव्हा तो लेखकाच्या बाजूने नव्हे, कायद्याच्या बाजूने बोलत असतो. आणि ते त्याला ठाऊकही नसते. त्याच लेखात एडवर्ड सैद यांचे नाव आदराने आलेले असते, ही या प्रकरणातील विनोदी बाजू. १९७८ मध्ये सैद यांनी काय म्हटले हे मराठी समीक्षेला पाठ आहे. स्वतःच्या पुढच्याच ओळीत काय लिहिले आहे, तेवढे तिला वाचता येत नाही.

४

तिसरी संज्ञा ‘मध्ययुगीन’. युरोपात प्राचीन, मध्य आणि अर्वाचीन ही त्रिभागणी सतराव्या शतकाच्या अखेरीस सेलारियसच्या इतिहासग्रंथांनी रूढ केली. ‘मध्य’ याचा अर्थ तेथे स्पष्ट होता: एका बाजूला ग्रीक-रोमन वैभव, दुसऱ्या बाजूला त्याचे पुनरुज्जीवन, आणि मधली दरी. हिंदुस्थानात जेम्स मिलने १८१७ मध्ये हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे भाग पाडले. पुढे या धर्मवाचक नावांची लाज वाटू लागली तेव्हा त्यांच्या जागी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन ही नावे बसवली गेली. पाट्या बदलल्या, खोल्या त्याच राहिल्या.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या पाटीमुळे जो गोंधळ झाला आहे तो पाहण्यासारखा आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. मराठी विभागाच्या अभ्यासक्रमात ती ‘प्राचीन मराठी वाङ्मय’ या शीर्षकाखाली शिकवली जाते. शेजारच्या इतिहास विभागात तोच यादवकाळ ‘मध्ययुगीन’ असतो. एकच विद्यार्थी एकाच दिवशी दोन वर्गांत बसून एकच काळ प्राचीनही म्हणतो आणि मध्ययुगीनही. विसंगती एवढीच नाही. ज्या वाङ्मयाचे आदिग्रंथच ‘मध्ययुगात’ आहेत, ते वाङ्मय जन्मतः मध्यावर उभे आहे असे म्हणावे लागते. मध्य कशाचा? १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी महाराष्ट्रातील संतांच्या कार्याची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. ती तुलना मानली तर संतांनी मध्ययुगाचा शेवट केला पाहिजे. पण वाङ्मयेतिहास त्यांना मध्ययुगाच्या ऐन मध्यभागी बसवतो. दोन्ही विधाने एकाच पुस्तकात सुखाने नांदतात, कारण दोन्ही उसनी आहेत आणि उसन्या वस्तूंचे आपसांत जमते की नाही, हे कोणी पाहत नाही.

वास्तुकलेच्या परिभाषेत हा प्रकार दगडाइतका घट्ट झाला आहे. १८७६ मध्ये फर्ग्युसनने भारतीय वास्तूंचे जे वर्गीकरण केले, त्यात बौद्ध आणि जैन हे धर्म होते, द्राविडी आणि ‘इंडो-आर्यन’ हे वंश होते, चालुक्य हे राजघराणे होते, आणि ‘सॅरसेनिक’ हे युरोपने मुसलमानांना दिलेले नाव होते. धर्म, वंश आणि घराणे ही तीन मापे एकाच फूटपट्टीवर कोरली की मोजमाप कसे व्हायचे? तरीही विजापूरच्या गोलघुमटापुढे आणि मुंबईतील गेटवे ऑफ इंडियापुढे उभा राहून मराठी लेखक ‘इंडो-सॅरसेनिक’ हा शब्द अर्थ न विचारता उच्चारतो.

याहून बोधप्रद उदाहरण ‘हेमाडपंती’चे. हा शब्द अस्सल मराठी, लोकांच्या तोंडचा. चुन्याशिवाय रचलेले जुने काळ्या दगडाचे कोणतेही देऊळ लोक हेमाडपंताच्या नावे सांगत. जशी लेणी पांडवांच्या नावे सांगत. ही शैलीची व्याख्या नव्हती, स्मृतीची रीत होती. एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षकांनी आणि गॅझेटिअरकारांनी तो शब्द टिपून घेतला, आणि मराठीने तो त्यांच्याकडून ‘हेमाडपंती शैली’ म्हणून परत घेतला. स्वतःच्याच घरचे भांडे सावकाराकडून व्याजासह सोडवून आणावे तसा हा व्यवहार. वस्तुतः हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारातील, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या देवळातील शिलाहारांचा लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. बांधणाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे देऊळ बांधणाऱ्याच्या दोनशे वर्षे आधी उभे आहे, आणि मार्गदर्शक पुस्तिका ते ‘हेमाडपंती शैलीचा उत्कृष्ट नमुना’ म्हणून दाखवतात.

अंबरनाथचे शिवालय आणि सिन्नरचे गोंदेश्वर यांच्या शिखरांसाठी शिल्पशास्त्रात नेमका शब्द आहे: भूमिज. शिखराच्या चारी अंगांना वर चढत गेलेल्या सलग पट्ट्या, आणि त्यांच्या मधल्या भागांत ओळींनी रचलेली लहान लहान शिखरे, ही त्याची खूण. भोजाच्या नावावरील समरांगणसूत्रधारात, अकराव्या शतकात, हा प्रकार वर्णिलेला आहे. ‘हेमाडपंती’ दगड कसे जोडले ते सांगते, ‘भूमिज’ शिखर कसे रचले ते सांगते; दोन्ही शब्दांना आपापली जागा आहे, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला देता येत नाही. येथेही लाजिरवाणी गोष्ट अशी की, शिल्पशास्त्रातील ही परिभाषा आधुनिक अभ्यासात पुन्हा चलनात आणली ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी. १९८३ पासून निघू लागलेल्या भारतीय मंदिरवास्तूच्या विश्वकोशात मधुसूदन ढाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंघा, वरंडिका, कूट अशा शब्दांनी इंग्रजी वाक्ये लिहिली. इंग्रजीने संस्कृत संज्ञा पचवल्या. मराठी अजून फर्ग्युसनची उष्टी पाने चाटते आहे.

आणखी एक शब्द नोंदवला पाहिजे. नाशिकच्या डोंगरात गौतमी बलश्रीने दान दिलेल्या वास्तूला तिथला लेख ‘लेण’ म्हणतो. सुमारे अठराशे वर्षांनंतर मराठी माणूस ‘लेणे’ म्हणतो. इतके सलग आयुष्य लाभलेला वास्तुशब्द सहजासहजी सापडणार नाही. इंग्रजांनी ‘केव्ह’ म्हटले, म्हणून मराठी ग्रंथकार ‘गुंफा’ आणि ‘गुहामंदिर’ लिहू लागले. गुहा निसर्ग करतो. लेणे माणूस कोरतो. हा भेद ज्या भाषेला दोन हजार वर्षे ठाऊक होता, ती भाषा तो प्रतिशब्दासाठी विसरायला तयार झाली.

५

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. प्रत्येक समाजाचे त्याच्याच शब्दांत वर्णन करायचे, तर तुलना अशक्य होईल. रोम, इराण आणि मगध यांविषयी एका वाक्यात बोलता येणार नाही. सामान्य संज्ञा हव्यातच. हा आक्षेप योग्य आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा आहे. दारयवहूच्या बेहिस्तून येथील लेखात तो स्वतःला राजांचा राजा म्हणवतो आणि आपल्या अंमलाखालील तेवीस देशांची नावे एकापाठोपाठ मोजतो. नाशिकच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला ‘राजराज’ म्हटले आहे आणि तो असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ आणि आकरावंती यांचा राजा असल्याचे सांगितले आहे. दोघांनाही ‘साम्राज्य’ची पाटी लावली की ते सारखे दिसतात आणि शिकण्यासारखे काही उरत नाही. त्यांचे स्वतःचे शब्द समोर ठेवले की खरी तुलना सुरू होते: सत्ता म्हणजे देशांची नावे मोजणे, ही कल्पना येथे दोन्हीकडे दिसते, अशोक मात्र विजिताच्या पलीकडील चोल-पांड्यांनाही धम्माच्या हिशेबात धरतो. तुलनेला सामान्य संज्ञा लागते हे खरे, पण ती तुलनेच्या शेवटी मिळवायची असते, आरंभी वाटायची नसते.

भाषाशुद्धीवाद्यांचे उत्तर येथे कामाचे नाही. शिवकाळात रघुनाथपंडिताच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते पदांचे आणि वस्तूंचे शब्द होते. पद तेच राहिले, नाव बदलले, आणि हेतू साधला. ‘साम्राज्य’ किंवा ‘मध्ययुग’ ही पदनामे नाहीत. त्या संज्ञा म्हणजे आवळून बांधलेली कथानके आहेत. ‘साम्राज्य’ पतन मागते, ‘टोळी’ राज्याची वाट पाहते, ‘मध्ययुग’ पुनरुज्जीवनाकडे डोळे लावून बसते. इतिहासलेखनामागे कथानकाचे साचे असतात, हे १९७३ मध्ये हेडन व्हाइट यांनी मांडले आणि मराठी समीक्षेने त्यावर चर्चाही केली. ते साचे ग्रंथभर पसरण्याआधी एकेका शब्दात दडलेले असतात, हे ओळखणे साहित्यसमीक्षेचे काम होते. इतिहासकाराकडून ती अपेक्षा करण्याआधी शब्दांच्या व्यवहाराचे जाणकार म्हणवणाऱ्यांनी ते करायला हवे होते.

काय करता येईल, हे सांगणे अवघड नाही. करणे कष्टाचे आहे. मूळ लेखात किंवा ग्रंथात जो शब्द आहे तो मराठी लेखनात आधी यावा, आधुनिक संज्ञा नंतर यावी, आणि दोघांतील अंतर वाचकाला दिसावे. एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत तीन शब्द असतील तर ती अव्यवस्था मानू नये. कोणता कोठे आणि का, याचा निवाडा करावा. परिभाषा कोशात प्रतिशब्दाखाली चार ओळी वाढाव्यात: हा शब्द कोठून आला, त्यावर कोणी आणि का आक्षेप घेतला. कोश जाड होतील. पण विद्यार्थ्याला शब्दाबरोबर त्यावरचा वादही मिळेल, आणि वाद मिळाला तर त्याला त्यात उतरण्याचा अधिकारही मिळेल.

तोपर्यंत जे चालू आहे ते चालू राहील. पारधी किंवा भिल्ल घरातील मुलगी पदव्युत्तर वर्गात बसेल, ‘टोळ्यांचे जीवन आणि साम्राज्यांचा ऱ्हास’ यावर टिपण लिहील, आणि तिच्या पूर्वजांचे इतिहासातील स्थान काय, हे ठरवणारा शब्द तिच्याच हाताने, तिच्याच भाषेत, शुद्ध लिहिला जाईल. त्याला गुणही चांगले मिळतील.